हाफ डोमचं परमिट: लॉटरी कधी भरायची, कोणी भरायची, सोबत काय न्यायचं

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमधला हाफ डोम हा ग्रॅनाइटचा घुमटासारखा डोंगर एका दिवसात चढून उतरायचा असेल तर परमिट लागतं, आणि हे परमिट पैसे भरले की लगेच बुक झालं असं होत नाही, लॉटरीत नाव लागावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली ट्रेकर मंडळी आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे त्यांचे भाऊ-बहिणी-मित्र दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. मार्च उजाडायच्या आत वाचा, कारण खरी संधी मार्चमध्येच असते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. परमिट अख्ख्या वाटेला लागत नाही. हॅपी आइल्सपासून मिस्ट ट्रेलने व्हर्नल फॉल, पुढे नेवाडा फॉल, लिटल योसेमिटी व्हॅली इथपर्यंत कोणीही परमिटशिवाय जाऊ शकतं. परमिट लागतं ते सबडोमच्या (मुख्य घुमटाच्या आधीचा छोटा उंचवटा) पायथ्यापासून वर, म्हणजे तो दगडी पायऱ्यांचा टप्पा आणि त्यापुढचे केबल्स, म्हणजे शेवटच्या चढावर धरायला लावलेल्या स्टीलच्या दोऱ्या. त्यामुळे ग्रुपमधल्या कोणाला केबल्स चढायचेच नसतील आणि ती व्यक्ती सबडोमच्या खालीच थांबणार असेल तर तिच्यासाठी परमिट घेऊ नका, उगाच एक जागा अडते.

केबल्स 1919 पासून आहेत, सिएरा क्लब या निसर्गसंवर्धन संस्थेने बसवले. नंतर गर्दी इतकी वाढली की सुट्टीच्या दिवशी लोक केबल्सवर अडकून उभे राहायचे, ना वर जाता येतं ना खाली, आणि वादळ आलं तर उतरायला वाटच नाही, म्हणून 2010 मध्ये शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना परमिट सुरू झालं आणि 2011 पासून आठवड्याचे सातही दिवस. आता दिवसाला जास्तीत जास्त 300 लोक, त्यातले साधारण 225 एका दिवसात जाऊन येणारे आणि 75 रात्री जंगलात मुक्काम करणारे. मुक्कामवाल्यांची प्रोसेस वेगळी आहे, ती वाइल्डरनेस परमिटसोबत होते, इथे त्यात शिरत नाही.

पात्रता म्हणाल तर फार काही नाही. अमेरिकेचं नागरिकत्व, ग्रीन कार्ड असलं काही लागत नाही, टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूसही चालतो. फिटनेस सर्टिफिकेटही कोणी मागत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते आपलं आपण तपासायचं असतं, त्यावर खाली बोलतो.

आता प्री-सीझन लॉटरी. 1 मार्च ते 31 मार्च या काळात रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर अकाउंट काढून अर्ज करायचा. पहिल्या दिवशी भरला काय आणि शेवटच्या दिवशी भरला काय, चान्स सारखाच, घाई नको. एका अर्जात जास्तीत जास्त 6 माणसं आणि 7 तारखा टाकता येतात, तारखा आपल्या पसंतीच्या क्रमाने लावायच्या. माझं स्पष्ट मत, सातही रकाने भरा आणि त्यात शनिवार शक्यतो टाकूच नका, सगळ्यात जास्त मारामारी शनिवारची असते, मंगळवार-बुधवारची सुट्टी टाकता येत असेल तर चान्स बराच सुधारतो. 6 जणांपेक्षा 2-4 जणांचा अर्ज बसवायलाही सोपा, कारण उरलेल्या जागांत तो मावला पाहिजे. निकाल एप्रिलच्या मध्याला ईमेलने येतो, तो नीट वाचा आणि त्यात काही करायला सांगितलं असेल तर मुदतीत करा.

अर्ज फी 10 डॉलर, ती अख्ख्या अर्जाची, माणशी नाही, आणि लॉटरी लागो न लागो ती परत मिळत नाही. लागली तर मग माणशी 10 डॉलर वेगळे. म्हणजे चौघांचं परमिट लागलं तर एकूण 50 डॉलर. पार्कची एंट्री फी यात धरलेली नाही, ती गाडीमागे वेगळी. आणि भारतातून पाहुणे येणार असतील तर हे बघून ठेवा, 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या 16 वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला योसेमिटी धरून 11 पार्कांमध्ये माणशी 100 डॉलर जादा लागतात, नाहीतर त्यांच्यासाठीचा 250 डॉलरचा वार्षिक पास आहे. चार-पाच पार्क फिरायचा प्लॅन असेल तर पासचा हिशोब आधी करा. शिवाय मधल्या काही वर्षांत पार्कमध्ये गाडीने शिरायलाच वेगळं रिझर्व्हेशन लागत होतं, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीचा नियम पार्कच्या साइटवर बघाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लीडर आणि अल्टरनेट. अर्जात एक परमिट होल्डर म्हणजे लीडर असतो आणि हवा तर एक पर्यायी लीडर. त्या दिवशी या दोघांपैकी किमान एक जण ग्रुपसोबत हजर पाहिजे, नसेल तर बाकीच्यांच्या हातात छापील परमिट असूनही ते वर जाऊ शकत नाहीत. पर्यायी लीडरचं नाव अर्ज भरतानाच टाकायचं, नंतर घालता येत नाही, परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि विकणं तर अजिबातच नाही. मार्चमध्ये कोणाला माहीत असतं की ऑगस्टमध्ये नेमकी ऑफिसची रिलीज येणार का पोराला ताप येणार, म्हणून अल्टरनेटचा रकाना रिकामा सोडू नका.

आणि एक माणूस एकाच अर्जात लीडर किंवा अल्टरनेट असू शकतो. दोन अर्जांत नाव सापडलं की ते अर्ज बाद. ग्रुपमधले बाकीचे मात्र नावाने टाकावे लागत नाहीत. त्यामुळे सहा जणांच्या ग्रुपने दोघा-दोघांची जोडी करून तीन वेगळे अर्ज भरले तर नियमात बसतं आणि चान्सही बराच वाढतो. यात नवरा-बायको एकमेकांना न सांगता दोन अर्ज भरतात आणि दोन्हीत दोघांची नावं, असं होऊ देऊ नका, आधी बसून ठरवा कोण कुठल्या अर्जात. दोन अर्ज लागलेच तर जादाचं परमिट लगेच कॅन्सल करा.

मार्च हुकला किंवा लागली नाही तर डेली लॉटरी आहे. जायच्या तारखेच्या दोन दिवस आधी अर्ज, म्हणजे शनिवारी जायचं असेल तर गुरुवारी, मध्यरात्रीपासून दुपारी 4 पर्यंत पॅसिफिक टाइम, आणि निकाल त्याच रात्री. न्यू जर्सीत बसून भरत असाल तर तिथले संध्याकाळचे 7 ही डेडलाइन. साधारण 50 जागा रोज यातून सुटतात, कॅन्सल झालेली परमिट्सही यातच येतात. फी तीच. याचा मोठा फायदा असा की हवामानाचा अंदाज बघून अर्ज भरता येतो, म्हणून जवळ राहणाऱ्यांसाठी मला ही लॉटरी जास्त शहाणपणाची वाटते. लांबून विमानाने येणाऱ्यांनी मात्र फक्त हिच्या भरवशावर तिकिटं काढू नयेत.

केबल्स साधारण मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी उभे करतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी उतरवतात, बर्फ जास्त असेल तर सुरुवात पुढे जाते. त्यामुळे मेच्या शेवटची तारीख पहिल्या पसंतीला टाकू नका. केबल्स उभेच झाले नाहीत तर माणशी भरलेले पैसे परत येतात, अर्जाचे 10 डॉलर नाही.

कागदपत्रं थोडकीच. परमिट आणि लीडर किंवा अल्टरनेटचं फोटो ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स नाहीतर ओरिजिनल पासपोर्ट. परमिटवरचं नाव आणि आयडीवरचं नाव एकच असू द्या, आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि अकाउंटला टोपणनाव, तो घोळ अकाउंट काढतानाच टाळा. रेंजर सबडोमच्या खाली चेक करतो आणि तिथे नेटवर्कवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही, त्यामुळे प्रिंट काढा किंवा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. विनापरमिट सापडलं तर 5000 डॉलरपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

फिटनेसचं म्हणाल तर येऊन-जाऊन 22 ते 26 किलोमीटर, चढाई साधारण 1460 मीटर, आणि 10 ते 12 तास. शेवटचे 120 मीटर केबल्स. दोन स्टीलच्या दोऱ्या लोखंडी खांबांतून ओवलेल्या, मधे ठरावीक अंतराने आडवी लाकडी फळी, खाली लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट, आणि चढणारे-उतरणारे एकाच लेनमध्ये. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर ज्यांचे पाय लटपटले त्यांनी आधी विचार करावा, कारण तिथे निदान खोबणी तरी आहेत. ग्रिपवाले हातमोजे स्वतःचे न्या आणि परत आणा, तिथे टाकून येऊ नका.

पाणी माणशी चार लिटर धरा. नळाचं पाणी फक्त व्हर्नल फॉलच्या पुलापाशी, पुढे मर्सेड नदीचं फिल्टर करून प्यायचं, आणि लिटल योसेमिटी व्हॅली सोडली की तेही नाही. पहाटे अंधारात निघा, हेडलॅम्प घ्या, दुपारच्या आत माथ्यावरून उतरायला लागा कारण उन्हाळ्यात ढग दुपारीच जमतात. जुलै 2024 मध्ये अचानक आलेल्या पावसात केबल्सवरून घसरून एका तरुण मुलीचा जीव गेला. ढग दिसले, गडगडलं, दगड ओला झाला, तर हातात परमिट असलं तरी सबडोमवरूनच मागे फिरा, तिथे कोणी तुम्हाला घाबरट म्हणणार नाही आणि म्हणालं तरी चालेल.

जायचं आधीच रद्द झालं तर परमिट गुपचूप वाया जाऊ देऊ नका. अकाउंटला लॉगिन करून दोन-चार दिवस आधी कॅन्सल करा, ती जागा डेली लॉटरीत दुसऱ्या कोणाला मिळते.