पापणीवरून पडलेलं आडनाव

आपण जिला सापसुरळी म्हणतो, कुणी सापाची मावशीही म्हणतं, तिची एक इवलीशी नातलग आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या गवताळ रानात पाचोळ्याखाली वाळवी टिपत फिरते. अंग तपकिरी आणि तुळतुळीत, पाय नावापुरते, शेपटी सोडून लांबी जेमतेम 5 सेंटिमीटर. शेपटी मोजमापात धरत नाहीत. तुटून पुन्हा उगवलेल्या शेपटीचा काय भरवसा!

भिंगाखाली धरलं की पहिल्यांदा डोळा लक्ष वेधतो. ही पापणी लववतच नाही. पापण्या कायमच्या जुळून त्यांची पारदर्शक काच झालेली असते, थेट सापासारखी.

प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी 1849 मध्ये तिला ‘क्रिप्टोब्लेफारस वॉल्बर्गी’ म्हटलं. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘लपलेली पापणी’. दुसरा शब्द स्वीडिश निसर्गसंग्राहक योहान वॉल्बर्ग यांच्या नावावरून आला. 1856 मध्ये आजच्या बोत्स्वानात हत्तीनं त्यांचा जीव घेतला. शास्त्रीय नावात शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव, म्हणजे वंशाचं नाव, आधी येतं. ‘वॉल्बर्गी’ टिकलं, आडनाव मात्र बदलत राहिलं. 1974 मध्ये सरीसृपतज्ज्ञ ॲलन ग्रीअर यांनी अशा काचडोळ्या आफ्रिकी सापसुरळ्यांसाठी ‘आफ्रोअब्लेफारस’ हा स्वतंत्र वंश केला. पापणी हलणाऱ्या बहिणी ‘पॅनास्पिस’ या वंशात राहिल्या.

वाटणी दिसायला चोख होती, पण रक्ताची नव्हती. 2016 मध्ये डीएनएवरून वंशवृक्ष मांडला, तेव्हा काचडोळ्यांची फांदी पॅनास्पिसच्या झाडातच निघाली. पापणी हे सोयीचं लक्षण होतं, इतकंच. आफ्रोअब्लेफारस हे नाव मागे पडलं.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही पुढे आली: वॉल्बर्गी या एका नावाखाली एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच प्रजाती नांदत होत्या. मानेवर ठिपके असलेली ‘मॅक्युलिकोलिस’ 2000 मध्येच वेगळी काढली गेली होती. पुढे 2018 मध्ये नामिबियातली ‘नामिबियाना’ आणि 2020 मध्ये अंगोलातली ‘मोसामेडेन्सिस’ यांना स्वतःची नावं मिळाली.

डीएनएनं बोट दाखवलं तरी ओळख पटवायला खवले मोजावेच लागतात. शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या किती ओळी, चौथ्या बोटाखाली किती पट्ट्या, डोक्यावरचे खवले जोडलेले की सुटे. सुईच्या टोकानं एकेक सरकत मोजायचं. हे संग्रहालयातल्या बरणीतल्या जुन्या नमुन्यावरही जमतं. रंगाचं तसं नाही. विणीच्या काळात नराचं पोट नारिंगी-गुलाबी होतं, आणि अल्कोहोलमध्ये ते फटफटीत पडतं. म्हणून हल्ली जिवंतपणीच तिला हळूच उलटी करून पोटाचा फोटो काढून ठेवतात.