नऊ रात्रींवर उभे असलेले वर्ष

संस्थानी बडोद्यात गवई, वादक आणि तंजावरहून आलेल्या नर्तकी यांची नोंद 'कलावंत कारखान्या'त असे. कारखाना म्हणजे इथे दरबाराचे खाते. नेमणूक, दरमहा पगार, कामाचे नियम, सगळे कागदावर. 1886 साली गायनशाळा निघाली तीही सरकारी. पुढे छप्पनचा, म्हणजे संवत 1956 चा (इ.स. 1899-1900) दुष्काळ आला. त्याला प्लेगची जोड मिळाली आणि 1891 ते 1901 या दहा वर्षांत संस्थानची लोकसंख्या सुमारे 24 लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. अशा काळात खात्यात नाव असलेल्याला निदान विचारायला एक दार होते. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्याला तेही नव्हते.

1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पगाराची ती चौकट संपली. काहींना नव्या विद्यापीठात शिकवायला जागा मिळाली. बाकीचे लग्ने, गणपती आणि नवरात्र यांवर आले. 'तनखा' हा शब्द मागे पडला, 'सुपारी' म्हणजे ठरवतानाचे आगाऊ पैसे आणि 'नाईट' म्हणजे एका रात्रीचे काम, हे शब्द आले. आज बडोद्याच्या दांडिया बाजार भागातला ढोलकीवाला आपले वर्ष महिन्यांत मोजत नाही, नाइटींत मोजतो.

या व्यवहाराला पहिला मोठा धक्का 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदीने बसला. नवरात्र होऊन गेले होते, पण तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू व्हायची तीच वेळ होती. सुपारी रोख, बिदागी रोख, मांडववाल्याचा हिशेब रोख. लग्ने झाली, पण यजमानांनी वाजंत्री कमी केली. पुढच्या जुलैत जीएसटी आला.

2020 मध्ये तर करोनाने हंगामच गेला. सार्वजनिक गणपती नाहीत, मिरवणुका नाहीत. 2021 साली परवानगी मिळाली तीही मांडवातल्या मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशा मर्यादेत. बडोद्याच्या मोठ्या मूर्तींचे सांगाडे महिनोन्‌महिने आधी उभे राहतात. उंचीची मर्यादा जुलैत कळली की मूर्तिकाराच्या हातात फारसे काही उरत नाही.

पण खरा वाद झाला तो शेरी गरब्यावरून. 2020 च्या नवरात्रात गरबाच नव्हता. तासाभराची आरती, तीही दोनशे माणसांत. 2021 च्या सप्टेंबरअखेर सरकारने ठरवले की शेरी गरब्याला चारशे माणसांपर्यंत मुभा, पार्टी प्लॉट, म्हणजे भाड्याने मिळणारी मोकळी मैदाने, आणि क्लबांतल्या गरब्याला बंदी. शेरी म्हणजे गल्ली. जुन्या पोळांत, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांत, शेरी गरबा म्हणजे मध्ये छिद्रांचा मातीचा घट, म्हणजे गरबो, भोवती बायकांचा फेर, एक ढोलकी, आणि गाणारी शेजारचीच कुणी. पास नाही, तिकीट नाही. आपल्या घरांतल्या भोंडल्याची ती सख्खी बहीण. आदेशातला शेरी गरबा मात्र फार सैल होता. सोसायटीचे अंगणही शेरी झाले, अपार्टमेंटचे पार्किंगही. व्यावसायिक नाही ते सगळे शेरीत आले.

परंपरा घरी परतली, असे कौतुक त्या वेळी पुष्कळ झाले. आरोग्याच्या बाजूने निर्णय समजण्यासारखा होता. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुसऱ्या लाटेत ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांना हजारोंच्या मैदानाची भीती वाटणारच. पण या शहराच्या मैदानांवर गाणारे, ढोल, ढोलकी, की-बोर्ड, बासरी वाजवणारे समोर बसून साथ करतात. एका मैदानामागे साउंडवाला, लाइटवाला, मांडवाचे मजूर, चनियाचोळीचे शिंपी, आरसे टाकणाऱ्या बाया असतात. सोसायटीच्या अंगणात मोबाइल स्पीकरला जोडला की काम भागते. सण परत आला, रोजी परत आली नाही. आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आदेशात कुठेच दिसले नाही. फेरीवाल्यांसाठी 2020 मध्येच दहा हजारांच्या कर्जाची केंद्राची योजना आली. साथ करणाऱ्या वादकाला त्या यादीत जागा नव्हती.

माझ्या ओळखीच्या एका ढोलकीवाल्याची वही मी पाहिली आहे. डावीकडे तारीख, मध्ये ठिकाण, उजवीकडे घेतलेली सुपारी. 2020 च्या पानांवर मार्चपासून आडव्या रेघा आहेत, आणि उजवीकडच्या रकान्यात 'परत' असे बारीक अक्षरात. घेतलेले आगाऊ पैसे त्याने फेडले, निम्मे उसने काढून.

2022 मध्ये मैदाने पुन्हा भरली. त्या वर्षी आंदोलने झाली ती पासवरच्या 18 टक्के करावरून. पाचशेच्या आतल्या पासला कर नव्हता, तरी चर्चा पासच्याच दराची राहिली, नाइटीच्या दराची झाली नाही. डिसेंबर 2023 मध्ये गरबा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. तो ढोलकीवाला आता दिवसा पार्सल पोचवतो. नवरात्रात नऊच्या नऊ नाइटी घेतो, आणि त्या दिवसांत पार्सलची शिफ्ट दुपारी चारला संपवून घेतो, कारण ढोलकी चढवायला त्याला तासभर लागतो.