व्हेक्टर ऑटोरिग्रेशन

एकमेकांत गुंतलेल्या अनेक आर्थिक राशी काळाच्या ओघात परस्परांवर कसा परिणाम करतात, हे मोजण्याची अर्थमितीतील (आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्रीय अभ्यासातील) पद्धत. मराठीत तिला ‘सदिश स्वसमाश्रयण’ म्हणता येईल, पण अभ्यासकांच्या तोंडी ‘व्हीएआर’ हेच नाव रुळले आहे. (बँकांच्या जोखीम विभागात ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’चे लघुरूपही असेच होते, त्याचा हिच्याशी संबंध नाही.)

महागाई वाढली की व्याजदर वाढतात, व्याजदर वाढले की मागणी थंडावते, मागणी थंडावली की महागाई उतरते. या फेऱ्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एका समीकरणात मांडता येत नाही. म्हणून व्हीएआरमध्ये प्रत्येक राशीला स्वतःचे समीकरण मिळते आणि त्याच्या उजव्या बाजूला सगळ्याच राशींची मागील काळातली मूल्ये येतात. उरतो तो ‘धक्का’, म्हणजे मागच्या आकड्यांवरून ज्याचा अंदाज आला नसता असा भाग.

उदाहरणासाठी लासलगाव आणि वाशी इथले कांद्याचे घाऊक भाव घेऊ. पुढचे गुणांक केवळ कल्पित आहेत. नेहमीच्या पातळीपेक्षा भाव किती वर आहे ते मोजायचे. समजा, लासलगावचा आजचा फरक म्हणजे तिथल्या कालच्या फरकाचा ०.७ पट आणि वाशीच्या कालच्या फरकाचा ०.१ पट, वाशीचा आजचा फरक म्हणजे लासलगावच्या कालच्या फरकाचा ०.४ पट आणि स्वतःच्या कालच्या फरकाचा ०.५ पट. एके दिवशी अवकाळी पावसाने आवक घटली आणि लासलगावात क्विंटलमागे भाव १०० रुपयांनी चढला. वाशीत त्या दिवशी काहीच हलले नाही. दुसऱ्या दिवशी लासलगावची वाढ ७० रुपयांवर येते, वाशीत ४० रुपये चढतात. तिसऱ्या दिवशी लासलगाव ५३, वाशी ४८. चौथ्या दिवशी दोन्ही उतरतात: सुमारे ४२ आणि ४५. म्हणजे उगमापाशी भाव उतरू लागला तरी वाशीत तो अजून चढतच होता, आणि चौथ्या दिवशी वाशीची वाढ लासलगावपेक्षा जास्त भरली. धक्क्याच्या या दिवसागणिक प्रवासाला ‘आवेग प्रतिसाद’ म्हणतात. व्हीएआरचे खरे फळ तेच. सुटे गुणांक वाचून फारसे हाती लागत नाही.

ही पद्धत अर्थशास्त्राच्या मध्यभागी आणली ती अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर सिम्स यांनी, १९८० मधील एका निबंधातून. त्याआधी यान टिनबर्गन यांनी १९३६ मध्ये नेदरलँड्ससाठी रचलेल्या प्रतिमानापासून (अर्थव्यवस्थेच्या गणिती मांडणीपासून) लॉरेन्स क्लाइन यांच्या प्रतिमानांपर्यंत मोठमोठ्या समीकरणसंचांची परंपरा होती. तीत कोणती राशी कोणत्या समीकरणात येणार नाही, हे अर्थशास्त्रज्ञ आधीच ठरवत. ही बंधने विश्वास ठेवण्याजोगी नाहीत, असे सिम्स यांनी स्पष्ट म्हटले. आकड्यांना आधी बोलू द्या, हा त्यांचा आग्रह होता. २०११ मध्ये त्यांना टॉमस सार्जंट यांच्यासह अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

मात्र आकडे सगळेच सांगत नाहीत. व्याजदर आणि महागाई एकाच तिमाहीत हलले, तर आधी कोण हलले? कालचे आकडे याचे उत्तर देऊ शकत नाहीत. मग अभ्यासक राशींचा क्रम लावतो: आधीची राशी नंतरच्या राशीवर त्याच तिमाहीत परिणाम करू शकते, उलट नाही. क्रम बदलला की प्रतिसादही बदलू शकतो. सिम्स यांनी बाहेर काढलेली गृहीतके इथे मागच्या दाराने परत येतात. म्हणून क्रम आणि त्यामागचे कारण न सांगता छापलेल्या आलेखावर विसंबू नये. अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ब्लँशार आणि डॅनी क्वाह यांनी १९८९ मध्ये वेगळी वाट दाखवली: मागणीच्या धक्क्याचा उत्पादनावर दीर्घकाळात काहीच परिणाम उरत नाही, असे मानून धक्के वेगळे करायचे.

अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांची १९६९ मधील ‘कार्यकारण’ कसोटीही याच चौकटीत बसते. लासलगावचे कालचे भाव कळल्याने वाशीचा अंदाज सुधारतो का, एवढेच ती विचारते. पण तिच्या नावामुळे घोटाळा होतो. कोंबडा आरवल्यावरून पहाटेचा अंदाज बांधता येतो. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

याचेच एक रूप मध्यवर्ती बँकांच्या अभ्यासात दिसले. व्याजदर वाढवल्यावर किमती आधी काही काळ चढतात, असे उलटेच चित्र अनेक व्हीएआरमधून निघे. याला ‘किमतींचे कोडे’ म्हणतात. सिम्स यांचे उत्तर असे की, बँकेला येऊ घातलेल्या महागाईची चाहूल आधीच लागलेली असते आणि ती माहिती प्रतिमानात नसते. कच्च्या मालाच्या किमती जोडल्या की कोडे पुष्कळसे विरते.

दुसरी अडचण साध्या हिशेबाची. सहा राशी आणि चार तिमाह्या मागे गेलो, तर १४४ गुणांक आणि सहा स्थिरांक काढावे लागतात. वीस वर्षांत तिमाह्या मिळतात फक्त ८०. भारतात तिमाही राष्ट्रीय उत्पन्नाची मालिका १९९६-९७ पासूनचीच असल्याने हा तुटवडा इथे विशेष जाणवतो. उपाय निघाला अमेरिकेतील मिनेसोटात: प्रत्येक राशी बहुतांशी स्वतःच्या कालच्या मूल्याजवळ राहते, असे आधी मानायचे आणि आकडे भाग पाडतील तेवढेच त्यापासून सरकायचे. ‘मिनेसोटा पूर्वग्रह’ या नावाने ओळखली जाणारी ही बेजीय (आधीच्या समजुतीला आकड्यांची जोड देणारी) रीत आज सर्रास वापरली जाते.

तरीही एखादी तिमाही सगळा हिशेब वाकवू शकते. एप्रिल-जून २०२० मध्ये भारताचे देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. तो आकडा इतर तिमाह्यांसारखाच मोजला, तर टाळेबंदीचा परिणाम व्याजदराच्या नावावर चढू शकतो. म्हणून त्या काळाला वेगळा निर्देशक (फक्त त्याच तिमाह्यांसाठीची खूणराशी) लावतात किंवा त्याचे वजन कमी करतात.