गोळ्या संपल्या, रक्त वाढलं नाही

माझी भाची राजारामपुरीत राहते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तिचं हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकलं नाही. घरच्यांनी गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट, लोखंडी कढईतली भाजी, सगळं करून पाहिलं. लोहाच्या गोळ्याही ती नेमाने घेत होती. तरी 'ही गोळ्या टाकून देत असणार' हे तिला ऐकावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दोष तिच्या लहान आतड्यात होता. आजाराचं नाव सीलिअॅक. गहू, जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. या अस्तराला मखमलीसारखी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि मार बसतो तोही तिथेच. मग गोळी पोटात जाते, रक्तापर्यंत पोचत नाही. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, नुसतं रक्त कमी, असंही या आजारात होतं. म्हणून तो वर्षानुवर्षं लपून राहतो. रक्ताच्या एका तपासणीत संशय येतो, दुर्बिणीने घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यावरून खात्री होते. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका, निकाल चुकीचा येऊ शकतो. भाचीला ज्वारीची भाकरी सवयीचीच होती. जड गेलं ते मिसळीबरोबरचा पाव सोडणं.

पोटातले हेलिकोबॅक्टर जंतू, अनवाणी शेतात फिरताना पायातून शिरणारे अंकुशकृमी, मूत्रपिंडाचा जुना आजार, रक्त न वाढण्याची हीही कारणं असतात. पाळीत फार रक्त जात असेल तर 'आमच्या घरात सगळ्यांनाच असं' म्हणून सोडू नये. रक्त गोठण्यातला आनुवंशिक दोष, वॉन विलेब्रँड, अशाच घरांत सापडतो. तरुण मुलात लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघायलाच हवं.

आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातल्या आनुवंशिक दोषाचा वाहक असणं. यात तांबड्या पेशी लहान, पण संख्येने भरपूर असतात. शरीरातलं लोह बहुधा पुरेसं असतं, त्यामुळे गोळ्यांनी फरक पडत नाही. फेरिटिन तपासलं की लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांवर गेलं की वाहक असल्याचा अंदाज येतो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून ही तपासणी लग्न ठरण्याआधी व्हायला हवी.