एसटीने जाणारा डेटा

सोलापूर ते अक्कलकोट साधारण 40 किलोमीटर, एसटीने तासाभराचा रस्ता. खिशात 32 जीबीचा भरलेला पेनड्राइव्ह असेल तर हा प्रवास सेकंदाला 71 मेगाबिटच्या नेट लाइनइतका पडतो. हिशेबात एक गोष्ट हमखास राहते: स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला 10 मेगाबाइटने लिहितो, म्हणजे तो भरायलाच 53 मिनिटं. वेग जवळपास निम्म्यावर येतो. तरीही नेटची रेंज धड नसलेल्या शाळेला धड्यांचे व्हिडिओ पाठवायला तेवढा पुष्कळ.

दोन्ही टोकं एकाच वेळी जागी असण्याची इथे गरजच नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत तयार झालेली यूयूसीपी प्रणाली अशीच चाले: निरोप साठवायचा, फोन लागला की पुढच्या संगणकाकडे सोपवायचा. ईमेल आजही पलीकडचा सर्व्हर बंद असला की रांगेत थांबतं. 2024 मध्ये उडालेला नासाचा 'पेस' उपग्रह आपला डेटा याच तत्त्वाने जमिनीवर उतरवतो.

पेनड्राइव्हसाठी 'एनएनसीपी' ही मोफत प्रणाली सोयीची. दोन्हीकडच्या संगणकांवर 'एनएनसीपी-सीएफजीन्यू' या आज्ञेने कुलूपबंदीच्या डिजिटल किल्ल्या बनवून सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल करायची. 'एनएनसीपी-फाइल' फाइल कुलूपबंद करून रांगेत लावतं, 'एक्सफर' ती पेनड्राइव्हवर चढवतं. अक्कलकोटला पुन्हा 'एक्सफर'ने ती उतरवून घ्यायची, मग 'टॉस'ने उघडायची. वाटेत पेनड्राइव्ह कुणाच्या हाती लागला तरी आतलं वाचता येत नाही.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. पहिल्या खेपेला 'एक्सफर'ला 'एमकेडिर' पर्याय दिला नाही तर पेनड्राइव्हवर फोल्डरच बनत नाही आणि तो रिकामाच निघतो. घेणाऱ्याने सेटिंगमध्ये 'इनकमिंग' फोल्डर दिला नसेल तर आलेली फाइल नाकारली जाते. एफएटी32 या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटवर 4 जीबीची फाइल मावत नाही. 'एनएनसीपी-फाइल'च्या 'चंक्ड' पर्यायाने तुकडे करावेत, पलीकडे 'रीअॅस' ते जोडतं. आणि 'एक्सफर' चढवलेली पाकिटं (कुलूपबंद फाइली) रांगेतून काढून टाकतं, म्हणून पोच येईपर्यंत त्याचा 'कीप' पर्याय वापरावा. नाहीतर पेनड्राइव्ह सीटखाली राहिला की सगळंच गेलं.

शाळेत रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक असेल तर त्याला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली आणि नेटही नसलं की तारखा चुकतात, कुठली खेप आधीची हे कळेनासं होतं. डीएस3231 घड्याळाची पट्टी आणि एक बटणसेल बसवला की काम भागतं.