मुंग्यांच्या कचऱ्यावर पोसणारी झाडं

काही झाडं आपल्या अंगावर राहणाऱ्या मुंग्यांकडून खत मिळवतात. मुंग्यांची विष्ठा, खाऊन उरलेले किड्यांचे पाय-पंख, मेलेल्या मुंग्या असला सगळा केर झाडाच्या पोकळीत साठतो, कुजतो आणि त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस झाड शोषून घेतं. मुंग्या झाडाची राखण करतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्या झाडाला खाऊ पण घालतात हे मला तरी जास्त भारी वाटतं.

यातली बरीच झाडं दुसऱ्या झाडावर वाढणारी, मुळांना माती मिळतच नाही, मग मुंग्यांचा केर म्हणजेच माती. न्यू गिनी आणि आग्नेय आशियातल्या मिर्मेकोडिया नावाच्या झाडाचा बुंधा गड्ड्यासारखा फुगतो आणि आत बोगदेच बोगदे. हे बोगदे मुंग्या पोखरत नाहीत, झाड स्वतःच तयार करतं. काही खोल्या गुळगुळीत, तिथे अंडी आणि पिल्लं, तर काहींच्या भिंतींना बारीक बारीक पुटकुळ्या, आणि केर टाकायचा तो मुंग्या नेमका तिथेच टाकतात, शोषून घ्यायचं काम त्या पुटकुळ्या करतात.

डिस्किडिया मेजर हा वेल तर कमालच आहे. त्याची काही पानं पिशवीसारखी फुगीर होतात, आत मुंग्या राहतात आणि वेलाचं मूळ पिशवीच्या तोंडातून आत शिरून त्या केरात पसरतं, म्हणजे आपलीच कुंडी आपल्याच पानाची. १९९५ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की पानांतला साधारण २९ टक्के नायट्रोजन मुंग्यांच्या केरातून आणि ३९ टक्के कार्बन चक्क मुंग्यांच्या श्वासातून आलेला होता! पिशवीच्या आतल्या बाजूला पर्णरंध्रं, म्हणजे पानाची हवा घेण्याची बारीक भोकं असतात, तिथली दमट हवा घेतली की पाणी पण कमी उडतं.

आपल्याकडे सह्याद्रीच्या दक्षिण भागात हम्बोल्टिया नावाचं झाड आहे, त्याच्या पोकळ फांद्यांत मुंग्या राहतात आणि कधीकधी गांडूळ पण, दोघांकडून झाडाला नायट्रोजन मिळतो.

बडोद्यात नर्सरीत टांगत्या कुंडीत मिळतो तो बारीक गोल पानांचा डिस्किडिया वरच्या डिस्किडिया मेजरच्याच कुळातला, पण त्याला पिशव्या नसतात, त्यामुळे मुंग्या येतील नि खत देतील म्हणून थांबू नका, पातळ खत द्या. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात लिंबाच्या बुंध्याशी मुंगळ्यांचं बीळ आहे, शेजारचे त्यांना मकोडा म्हणतात. तिथे वेगळा प्रकार चालतो, पोकळी वगैरे काही नाही, केर बाहेर येतो आणि मातीतून मुळांना मिळतो. सकाळी वाकून बघितलं की दिसतं, रव्यासारखी माती, त्यात झुरळाचा पंख, धान्याची फोलपटं, आणि एक मुंगळा अजून काहीतरी ओढत बाहेर आणतोय.