जीटी, लोकल ऑथर आणि इंजिनिअरिंगचा अभ्यास

‘मुलं पास होण्यापुरतं वाचतात’ ही तक्रार इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते. पण विद्यार्थ्याने कशासाठी शिकायचं, हे आपल्याकडे पहिल्यापासून दुसरेच ठरवत आले आहेत. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचे वर्ग निघाले (आजचं सीओईपी), ते बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. शिकल्यावर काय करायचं, याचं उत्तर तेव्हा समोर होतं. विश्वेश्वरय्या तिथूनच शिकून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

चित्र बदललं १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी इथल्या मोजक्या जागांवर नंबर न लागलेली मुलं देणगी भरून कर्नाटक गाठायची. आता कॉलेज जिल्ह्यातच आलं, आणि ‘मुलाला इंजिनिअर करायचं’ हा घरादाराचा निर्णय झाला. मुलाला विचारलं जायचं ते फार तर ब्रँचबद्दल.

अभ्यासाची रीतही त्यातूनच घडली. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची ड्रॉइंग शीट, त्यावर आपली कोरी, आणि रेघेवर रेघ ओढायची. याला जीटी मारणं म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सेक्शनल व्ह्यू (वस्तू कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र) कुठून कापलाय, हे ओरलला विचारलं की पंचाईत. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, लोकल ऑथरचं (परीक्षेपुरतं लिहिणाऱ्या स्थानिक लेखकाचं) पुस्तक आणि जुने पेपर. तरीही विषय राहिला तर केटी, म्हणजे तो मागे ठेवून पुढच्या वर्गात जायचं. याला आळस म्हणणं मला पटत नाही. पेपरात फिरून फिरून तेच प्रश्न येत असतील, तर मुलांचा हिशेब चोख आहे.

हे स्वीडनमध्ये नीट तपासलं गेलं होतं. गोथेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले आणि ते कसे वाचले हे विचारलं. काहींनी अर्थ शोधला होता, काहींनी विचारलं जाईल असं वाटलं तेवढं लक्षात ठेवलं होतं. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून ‘सखोल’ आणि ‘वरवरचा’ अभ्यास ही विभागणी रूढ झाली. हा स्वभावदोष नव्हे; समोरचं काम पाहून विद्यार्थी रीत बदलतो. पुढे ब्रिटनमध्ये नोएल एन्टविसल यांनी तिसरी रीत जोडली, ती मार्कांवर डोळा ठेवून केलेल्या अभ्यासाची. आपल्या टॉपरांना ती चांगलीच अवगत आहे.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन करारात (इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणारा करार) पूर्ण सदस्य झाला आणि ‘आउटकम’ची, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय करता येतं याची, भाषा कॉलेजांत पोचली. आता अनेक ठिकाणी पेपरात प्रत्येक प्रश्नापुढे ब्लूमची पातळी (आठवणं, समजणं, वापरणं अशा चढत्या पायऱ्यांपैकी कोणती, ते) छापतात. मात्र गोथेनबर्गच्याच प्रयोगात एका गटाला मुद्दाम अर्थावरचे प्रश्न विचारले होते. त्यातल्या काहींनी पुढचा उतारा समजून घेण्याऐवजी फक्त सारांश सांगण्याची तयारी केली.